सगळ्यांचा एकच रविवार

जर्मनीत रविवारी घरातलं मीठ संपलं तर तीनच वाटा उरतात. रेल्वे स्टेशनातलं किंवा पेट्रोल पंपावरचं दुकान गाठून जास्तीचे पैसे मोजायचे, अळणी जेवायचं, नाहीतर शेजारच्या दाराची घंटा वाजवायची. श्टुटगार्टला नव्यानं आलेली मराठी कुटुंबं सुरुवातीला पहिली वाट धरतात. भाषा येत नसते, शेजाऱ्याचा अंदाज नसतो. पुण्यात तर दहा मिनिटांत कुणीतरी पिशवी घेऊन दारात उभं राहायचं, त्यामुळे उसनं मागायची सवयही मोडलेली असते. वर्ष-सहा महिन्यांनी केव्हातरी घंटा वाजवली जाते. पुढच्या रविवारी शेजारीण दोन अंडी मागायला येते आणि वाटीची ये-जा सुरू होते.

श्टुटगार्टशी आपलं नातं जुनं आहे. १९६८पासून मुंबई आणि श्टुटगार्ट ही भगिनी शहरं आहेत. १९९४मध्ये मर्सिडीज-बेंझनं भारतातलं आपलं बस्तान पुण्यात मांडलं. वाहनउद्योगातली आणि संगणकक्षेत्रातली मराठी माणसं तेव्हापासून या बाजूला येत राहिली आहेत. २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारनं श्टुटगार्ट ज्यात आहे त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशांच्याही नजरा इकडे वळल्या. यातले बरेच जण पहिल्या पिढीत शहरात आलेले असतात. म्हणजे गावातून पुण्याला आणि पुण्यातून थेट इथं. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य फार वेळा येतं : ‘इथं आल्यावर गाव आठवायला लागलं.’ हे वाक्य पुण्यात असताना त्यांच्या तोंडी नव्हतं. गाव तेव्हा बसनं एका रात्रीवर होतं. तरीही ते आठवायला इतक्या लांब, इतक्या श्रीमंत देशात का यावं लागलं, हा या लेखाचा प्रश्न आहे.

कुणी वारलं का गावात?

श्टुटगार्टला लागून झिंडेलफिंगेन नावाचं गाव आहे. मोटारींचा मोठा कारखाना तिथं १९१५पासून आहे. आमच्या औसा तालुक्यातला, लातूर जिल्ह्यातला माझा एक मित्र तिथं राहतो. त्याची आई उन्हाळ्यात तीन महिने त्याच्याकडे आली. पहिल्या रविवारी सकाळी ती गॅलरीत उभी राहिली. रस्त्यावर वाहन नाही, दुकानांच्या काचा अंधारलेल्या, कुठं यंत्राचा आवाज नाही. बराच वेळ बघून आत येऊन ती लेकाला म्हणाली, “काय रं, कुणी वारलं का गावात?”

हा किस्सा तो हसत सांगतो, पण पुढचा भाग सांगताना हसत नाही. दुपारी माणसं बाहेर पडू लागली. म्हातारी जोडपी, बाबागाडी ढकलणारे बाप, तीन पिढ्यांची टोळकी. कुणी रानाच्या वाटेला लागलं, कुणी केकचं खोकं घेऊन कुणाच्या तरी घरी निघालं. आई दुसऱ्यांदा गॅलरीत गेली आणि म्हणाली, “हे तर येळवशीवानी चाललंय की समदं.”

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि आईचं निरीक्षण आपल्यापेक्षा धारदार आहे हेही कळलं.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या, मार्गशीर्षातली. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि सीमेपलीकडे बिदर-कलबुर्गीच्या बाजूला हा सण होतो. उरलेल्या महाराष्ट्राला तो फारसा ठाऊक नाही. रब्बीची ज्वारी पोटऱ्यात आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो. शेतात कडब्याची कोप उभारायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि सगळ्या घरादारानं रानात जेवायचं. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर. भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. त्या हंगामात रानात जे पिकेल ते सगळं, तुरीच्या दाण्यांपासून बोरांपर्यंत, ताकात कालवलेल्या बेसनात शिजवलेलं. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते दुपारभर ओस पडतात. बाजारपेठ बंद असते, जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देतं. शेत नसलेल्यानं दुसऱ्याच्या शेतावर जायचं, आणि बोलावण्याची वाट बघायची नाही, अशी रीत आहे.

आईला जर्मनीत शांतता दिसली, स्वच्छता दिसली, हिरवाई दिसली. पण तिच्या मनात खूण पटली ती वेगळ्याच गोष्टीची. सगळं गाव एकाच दिवशी मोकळं होतं.

घटनेत लिहिलेली सुट्टी

हा रविवार आपोआप शांत राहिलेला नाही. १९१९च्या वायमार राज्यघटनेच्या १३९व्या कलमानं रविवार आणि सणांचे दिवस कामापासून विश्रांतीचे म्हणून संरक्षित केले. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४९मध्ये नवी घटना झाली, तेव्हा तिच्या १४०व्या कलमानं ते जुनं कलम जसंच्या तसं उचलून घेतलं. मध्ये एक प्रजासत्ताक मावळलं, एक हुकूमशाही येऊन देश बेचिराख करून गेली. रविवारचं वाक्य टिकलं.

१९५६मध्ये पश्चिम जर्मनीत दुकानं बंद करण्याच्या वेळांचा कायदा आला. आठवड्यात संध्याकाळी साडेसहाला आणि शनिवारी दुपारी दोनला दुकान बंद. पुढे या वेळा सैल होत गेल्या आणि २००६मध्ये हा विषय राज्यांकडे गेला. बऱ्याच राज्यांनी आठवड्यातल्या वेळा जवळजवळ मोकळ्या केल्या, रविवारला मात्र फारसं कुणी छेडलं नाही. बर्लिननं थोडं धाडस केलं. नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडी ठेवायची परवानगी दिली. चर्चसंस्था कार्ल्सरूहच्या घटना न्यायालयात गेल्या आणि १ डिसेंबर २००९ला न्यायालयानं ती तरतूद घटनाविरोधी ठरवली. दुकानदाराला धंदा करायचा आहे आणि गिऱ्हाइकाला खरेदी करावीशी वाटते, एवढ्यावरून रविवार मोडता येणार नाही, असा निकालाचा आशय होता. दावा चर्चचा होता, पण न्यायालयानं निव्वळ धर्माचा मुद्दा धरला नाही. कुटुंब, मित्रमंडळ, संघटना यांचं जगणं चालायचं तर माणसांना एकाच वेळी मोकळीक हवी, हाही विचार त्या निकालात आहे.

औशाच्या बाईनं गॅलरीतून जे पाहिलं, तेच कार्ल्सरूहच्या न्यायाधीशांनी कायद्याच्या भाषेत मांडलं होतं.

माळवद आणि मुक्कामी एसटी

आमच्या लहानपणी ही एकवेळ मोकळीक कुणी लिहून दिली नव्हती. ती पावसानं, पिकानं आणि टंचाईनं दिली होती. खळं उरकलं की सगळ्यांचं एकदमच उरकायचं. अमावस्येला औत धरायचं नाही म्हणजे कुणीच धरायचं नाही. पोळ्याला बैलांच्या खांद्याला विसावा, म्हणजे माणसालाही. आठवड्याचा बाजार ज्या वारी, त्या वारी शेतातली कामं अर्ध्यावर. रात्री मुक्कामी एसटी आली की बाहेरचं जग गावात पोहोचायचं आणि पहाटे ती गेली की निघून जायचं. मधल्या वेळात कुठं जायचा प्रश्नच नव्हता.

उन्हाळ्यात मराठवाड्यातली सपाट मातीची माळवदं रात्री माणसांनी भरून जायची. चुलत, मावस, आते अशी सगळी भावंडं एका ओळीत. वीज गेली की घरोघरची माणसं ओट्यावर यायची आणि वीज येईपर्यंत गावाची बैठक व्हायची. एका घरात टीव्ही असला की तो सगळ्या आळीचा. मुलांकडे कुणी वेगळा वेळ काढून लक्ष देत नव्हतं. मोठी माणसं तिथंच असायची, त्यांच्या कामात, त्यांच्या गप्पांत, आणि आपण त्यांच्या पायात.

झिंडेलफिंगेनचा मित्र म्हणतो, पुण्यात त्याला पगार होता, घर होतं, शनिवार-रविवारची सुट्टीही होती. बायको रुग्णालयात, तिची सुट्टी बुधवारी. भाऊ चाकणला, त्याची पाळी दर आठवड्याला बदलणारी. मुलीचा रविवार शिकवणीच्या वर्गात. “घरात चार माणसं आणि चार पंचांगं,” तो म्हणतो. इथं आल्यावर त्याचे कामाचे तास थोडे कमी झाले, पण त्याहून मोठा फरक म्हणजे घरातल्या सगळ्यांचं पंचांग एक झालं.

सफरचंदं, बागा आणि झाडू

या भागात रविवारी माणसं करतात काय, असं नवख्याला वाटतं. करण्यासारखं पुष्कळ असतं. विकत घेण्यासारखं नसतं.

श्वाबिया या प्रदेशात गावाबाहेर सफरचंदांच्या जुन्या, विरळ बागा आहेत. शरद ऋतूत कुटुंबं पोती भरून सफरचंदं रसाच्या घाण्यावर नेतात आणि रस बाटल्यांत भरून घरी आणतात. काही झाडांना पिवळी फीत बांधलेली असते. तिचा अर्थ, मालकाला फळं नकोत, जाणाऱ्या-येणाऱ्यानं खुशाल तोडावीत. द्राक्षमळेवाले वर्षातले चारच महिने आपल्या घरात किंवा गोठ्यात खानावळ चालवू शकतात, तीही चाळीस जणांपुरती. ती उघडी आहे हे कळावं म्हणून दारावर झाडू टांगतात. चाळीस खुर्च्यांत ओळखीचे-अनोळखी एकाच बाकावर दाटीनं बसतात.

शहरातल्या भाडेकरूंना शेत कुठून मिळणार? त्यासाठी वाटून दिलेल्या छोट्या बागा आहेत. लाइपत्सिगमध्ये १८६४मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेपासून ही चळवळ वाढली. तिला मोरित्स श्रेबर या दिवंगत डॉक्टरांचं नाव दिलं होतं, म्हणून या बागाही श्रेबरच्या नावानं ओळखल्या जातात. आज देशभरात अशा सुमारे नऊ लाख बागा आहेत. १९८३च्या कायद्यानुसार एक बाग चारशे चौरस मीटरहून मोठी नसावी आणि तिच्यातली खोली चोवीस चौरस मीटरच्या आत असावी, तिथं कायमचं राहायचं नाही. साधारण एक तृतीयांश जागेत फळं-भाजी पिकवावीच लागते. नुसती हिरवळ लावून खुर्ची टाकून बसलात तर समितीची चिठ्ठी येते. मोठ्या शहरांत या बागांसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागतो. ज्यांना मिळाली त्या मराठी कुटुंबांच्या वाफ्यांत मेथी आणि कोथिंबीर हमखास असते, आणि शेजारच्या वाफ्यातले आजोबा ‘हे गवत कसलं?’ म्हणून डोकावतात.

हे सगळं गोड वाटतं, पण त्यामागं नियमांचं जाडजूड बाड आहे. दुपारी अमुक वेळात गवत कापायचं यंत्र चालवायचं नाही. रात्री दहानंतर आवाज नाही. इमारतीचा जिना झाडायची पाळी आली की दारावर पाटी लटकते आणि जिना झाडला नाही तर शेजारी आठवण करून देतात. गावातही असंच होतं. फक्त तिथं नियम लिहिलेले नव्हते, म्हाताऱ्यांच्या नजरेत होते. संथपणाला शिस्त लागते, हे दोन्हीकडे सारखंच.

लोखंडे यांचा रविवार

आणि संथपणासाठी भांडावंही लागतं. आज श्टुटगार्टच्या परिसरातल्या मोटार-कारखान्यातला कामगार आठवड्याला पस्तीस तासांच्या करारावर काम करतो, यामागं १९८४चा संप आहे. धातुकामगारांच्या संघटनेनं तो याच प्रदेशात आणि हेसेन राज्यात पुकारला. आठवडेच्या आठवडे मोटारींचे कारखाने बंद राहिले. पस्तीस तास मात्र लगेच मिळाले नाहीत. टप्प्याटप्प्यानं तास उतरत ऑक्टोबर १९९५मध्ये ते पदरात पडले. त्याआधी १९५६च्या कामगारदिनाला कामगार संघटनांनी एक भित्तिपत्रक काढलं होतं. त्यावर एक लहान मूल होतं आणि शनिवारी माझे बाबा माझे, अशी त्याची मागणी होती. मजुरी, बोनस यांची भाषा बाजूला ठेवून संघटनेनं मुलाच्या तोंडून वेळ मागितला होता.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. हीच मागणी मुंबईत त्याच्याही कितीतरी आधी झाली. सत्यशोधक चळवळीतले, जोतीराव फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली. कामगाराला आठवड्यातून एक दिवस सुट्टी हवी आणि ती सगळ्यांना एकाच दिवशी, रविवारी हवी, ही त्यांची मागणी. रविवार खंडोबाचा वार, आणि घरच्यासाठी, समाजाच्या कामासाठी तो दिवस लागतो, असं त्यांचं म्हणणं. सभा झाल्या, अर्ज झाले, आणि १० जून १८९०ला गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्या गिरण्यांतला कामगार कोकणातून, घाटावरून आलेला होता. त्याचं गाव मागं राहिलं होतं, आणि गावातली एकवेळ मोकळीकही. गावानं न मागता दिलेली ती गोष्ट शहरात मागून घ्यावी लागते, हे लोखंडे यांना तेव्हाच उमगलं होतं.

कुणाच्या जिवावर?

आता या चित्राची दुसरी बाजू. माझ्या मित्राच्या आईला येळवस आठवली खरी, पण येळवशीला ती स्वतः किती मोकळी असायची? रात्री दोन-तीनला उठून चूल पेटवायची, वीस-पंचवीस माणसांचं रांधायचं, डोक्यावर पाट्या घेऊन शेतात न्यायच्या, वाढायचं आणि परत येऊन भांडी घासायची. माळवदावर सगळे झोपल्यावर ती वर यायची आणि सगळ्यांच्या आधी खाली जायची. आमचं बालपण संथ होतं, कारण तिचा दिवस धावता होता. सालगडी पाडव्यापासून पाडव्यापर्यंत बांधलेला असायचा. त्याच्या मुलांना त्याच रानातली तीच अमावस्या कशी आठवते, हे त्यांनी सांगावं. बीडकडची ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या आसपास कोयता घेऊन निघतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. अख्खं कुटुंब एकत्र असतं, पण फडात. त्यांच्या आठवणीत गाव म्हणजे निवांतपणा नाही.

जर्मनीचाही हिशेब तपासायला हवा. साडेसहाला बंद होणारं दुकान चालून जायचं, कारण दिवसा घरी एक बाई होती. तिनं घरीच असावं अशी कायद्याचीच अपेक्षा होती. पश्चिम जर्मनीत १९७७पर्यंत विवाहित स्त्रीला नोकरी करता येई ती घरकाम सांभाळून, असं विवाहाचा कायदा सांगत होता. नंतरच्या पिढ्यांनी काही वाटा बदलल्या. आता मूल झालं की आई-बाप दोघांनाही प्रत्येकी तीन वर्षांपर्यंत नोकरी राखून रजा घेता येते. २००७पासून पगाराच्या काही हिश्श्याइतका भत्ता मिळतो आणि दोघांनीही रजा घेतली तर त्याचे दोन महिने वाढतात. रविवारी बाबागाडी ढकलणारे बाप दिसतात, त्यामागं ही रचना आहे.

पण रविवारीही कुणीतरी राबतंच. रुग्णालयातली परिचारिका, रेल्वेचा चालक, खानावळीतला वाढपी. बर्लिनसारख्या शहरांत पाठीवर खोकं बांधून सायकलीवर जेवण पोहोचवणाऱ्यांत भारतीय विद्यार्थी ठळकपणे दिसतात. दुसऱ्याच्या रविवारसाठी त्यांनी आपला रविवार विकलेला असतो. त्यांतला एखादा नांदेडचा किंवा जळगावचाही असू शकतो.

आणि ज्यांच्यामुळे गाव आठवतं, ती माणसं तर इथं नसतातच. आई-वडील पाहुणे म्हणून तीन महिने येतात आणि जातात. अलीकडे कायद्यात एक फट उघडली आहे. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला, त्यांना आई-वडिलांना कायमचं आणता येतं. त्यांचा खर्च आणि आरोग्यविमा पेलता आला पाहिजे. आधी आलेल्यांना ही सोय नाही. माझा मित्र आधीचा. पण असती तरी आई आली असती का? तिनं याचं उत्तर विमानतळावरच देऊन टाकलं होतं. “तुझा रविवार चांगलाय बाबा. पण सोमवारी मी कुणाशी बोलू?”

म्हणून परदेशातला संथपणा गावाची बरोबरी करतो, असं म्हणता येणार नाही. मुलांना रान मिळतं, आजी मिळत नाही. बापाची संध्याकाळ मिळते, चुलत भावंडांचा कल्ला मिळत नाही. मिळतो तो एक सांगाडा : सगळ्यांना एकदम मोकळा असलेला वेळ. त्यात माणसं भरायची तर ती नव्यानं जमवावी लागतात. वाटीभर मिठाच्या निमित्तानं का होईना.

३६५ दिवस

ज्या राज्यात लोखंडे यांनी रविवार मिळवला, त्या महाराष्ट्रात २०१७मध्ये दुकानं आणि आस्थापनांचा नवा कायदा झाला. त्यानं दुकानं वर्षाचे ३६५ दिवस उघडी ठेवायची मुभा दिली. कामगाराची साप्ताहिक सुट्टी गेलेली नाही, ती कायद्यात आहे. फक्त ती पाळीपाळीनं द्यायची. म्हणजे प्रत्येकाला एक दिवस आहे, पण एक दिवस सगळ्यांचा राहिलेला नाही. रोजगार वाढावा, ग्राहकाची सोय व्हावी, ही त्यामागची कारणं खोटी नाहीत. पण या सोयीची किंमत कुठल्याच पावतीवर छापली जात नाही. ती घरात, चार पंचांगांच्या रूपानं चुकवली जाते.

गाव परत आणता येणार नाही, आणि सालगड्यासकट, रात्री तीनच्या चुलीसकट ते आणूही नये. जर्मनीचा रविवारही उचलून महाराष्ट्रात बसवता येणार नाही. हातावर पोट असलेल्या भाजीवाल्याला सक्तीची सुट्टी म्हणजे उपास. पण मोठे मॉल, कारखाने, संगणक कंपन्या यांच्याबाबत तरी हा प्रश्न विचारता येईल. सुट्टी किती, हे आपण विचारतो. ती कुणाबरोबर, हे विचारायचं आपण सोडून दिलं आहे.

माझा मित्र वर्षाची मोठी रजा दिवाळीत घेत नाही, येळवशीला घेतो. तारीख पंचांगात बघून सहा महिने आधी कळवतो आणि वरिष्ठ सही करतात; त्याच्या करारानुसार वर्षाला तीस दिवसांची रजा हा हक्क आहे, उपकार नाही. गेल्या खेपेला तो फ्रँकफर्टहून विमानानं मुंबईला आणि तिथून रात्रीच्या गाडीनं लातूरला आला, सकाळी शेतात पोहोचला. कोप उभी होती, भज्जी तयार होती. चाकणचा भाऊ मात्र आला नाही. त्याची त्या दिवशी दुसरी पाळी होती, आणि लातूरच्या जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक सुट्टी चाकणला लागू होत नाही.